सव्वीस तासांचे अंतर

माझा एक मित्र विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या कचेरीत होता. कोणतीही दोन शहरे सांगा. मधले अंतर, लागणारे तास, वाटेतले थांबे, सारे त्याच्या जिभेवर. त्या शुक्रवारी एका गिऱ्हाइकाच्या घरी तिकिटे पोचवून तो खोलीवर परतला, तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

"काका, भुतं बरी तुमच्याच मित्रांना भेटतात!" माझ्या धाकट्या पुतण्याने मध्येच टोमणा मारला.

"भूत म्हणालो का मी? ऐक."

मित्र खोलीत शिरला, तेवढ्यात त्याच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, बाबांचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, फार तर उद्या दुपारपर्यंत... तुला यायला किती वेळ लागेल?"

वडील आणि बहीण परदेशात राहत, त्या शहराला रात्री दोनचे थेट विमान होते. नऊ तास दहा मिनिटे. परंतु शनिवारी कचेरीत चाळीस जणांच्या सहलीची तिकिटे निघायची होती आणि त्यावर त्याची बढती अवलंबून होती.

"थेट विमान नाही गं. दोनदा बदलावं लागतं. सव्वीस तास धर. निघालोच मी."

दुपारपर्यंतचा सोबती सव्वीस तास काढणार नाही, असे त्याने गृहीत धरले होते.

विमानातल्या माणसाचा फोन लागत नाही. म्हणून त्याने फोन बंद केला. शनिवारी चाळीस तिकिटे काढली. रात्री दिवा मालवून पडला. झोप नाही. पावणेदोन झाले. सव्वीस तास भरले. त्याने फोन चालू केला.

लगेच वाजला.

"दादा, आलास रे बाबा वेळेवर..." बहीण रडत होती. "दुपारीच डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबा एकेका श्वासाला कळवळायचे. पण दर तासाला विचारायचे, किती राहिले? मी सांगायचे... नऊ. पाच. दोन. तुझा हात हातात आला, तेव्हाच सोडला त्यांनी जीव."

मित्र अंथरुणात उठून बसला.

"खाली कशाला गेलास? वर ये ना."

त्याने खोलीच्या बंद दाराकडे पाहिले.

"दादा?"

भीती त्याला नंतर वाटली. आधी लाज वाटली. खोलीत एकटा होता. अंधार होता. तरी त्याने तोंड झाकून घेतले.

"येतो," एवढेच म्हणाला.

पहाटेच्या विमानासाठी तो विमानतळावर पोचला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने त्याचा पासपोर्ट चाळला. एका पानावर थांबला. वर पाहिले.

"आज तुम्ही तिथं उतरलाय... मग इथं कसे?"

मित्राने हात पुढे करून ते पान स्वतःकडे वळवले.

ते पान त्याने मला दाखवले आहे, बहिणीला नाही. वडिलांच्या शहराचा शिक्का. त्याच रात्रीची तारीख. उतरल्याची नोंद स्वच्छ आहे.

त्याआधी इथून निघाल्याची... कुठेच नाही.