थंड लोखंडातला तडा

रत्तिया रोज सकाळी सातला बर्फ घेऊन यायची. गॅरेजच्या दारात पिकअप उभी करायची, दोन पोती माझ्या पेटीत ओतायची आणि एक अक्षर न बोलता निघून जायची. सहा वर्षं असंच चाललं होतं. माझी काही तक्रार नव्हती. तिच्या बापाचा जीव माझ्यामुळे गेला असं आमचं सगळं यासोथोन शहर म्हणत होतं. तरीही ती माझ्याकडे बर्फ टाकत होती, हेच पुष्कळ.

त्या एप्रिलमधल्या सकाळी मात्र तिने बर्फ ओतला, इंजिन बंद केलं आणि हौद्यातली रिकामी पोती बाजूला सारली. खाली चौकड्याच्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी जड पडलेलं होतं. पंचा मी लगेच ओळखला. तिच्या बापाचा, खामसिंगचा होता.

"काका, उतरवायला जरा हात लावा," ती म्हणाली.

पंच्यात काय आहे ते मला न उघडताच कळलं होतं.

खामसिंग माझा जिवलग मित्र. दिवसा ऊस वाहायचा आणि रविवारी डिझेल पिकअप शर्यतीत पळवायचा. आमच्याकडे हे वेड जुनं आहे. गाडी सोलून हलकी करायची, इंजिनात दामटून हवा भरायची आणि चारशे मीटरची सरळ पट्टी काळ्या धुरात बुडवून टाकायची. एवढ्या दाबाखाली इंजिनाचा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ब्लॉक कधी ना कधी तडकतोच. लोक तो भंगारात टाकतात. मी शिवतो. तड्याच्या दोन्ही टोकांना एकेक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग सगळ्या लांबीवर भोकं पाडून त्यांत आटे पाडायचे आणि एकमेकींना चावतील अशा पिना पिळायच्या. वेल्डिंगच्या आगीने बीड शेजारी पुन्हा फुटतं. शिवणीत आग वापरावीच लागत नाही. हे काम माझ्या हातात आहे, हे मी गर्वाने सांगायचो. खामसिंगचा ब्लॉक मीच शिवला होता, अकरा पिनांनी. तिसऱ्याच शर्यतीत भर वेगात ब्लॉक उघडला, तेल मागच्या चाकांखाली आलं आणि गाडी कठड्यावर गेली. खामसिंग जागच्या जागी गेला.

'सुथिनची शिवण उसवली.' सुथिन म्हणजे मी. हे वाक्य पहिल्यांदा चान्चाय म्हणाला. तोही पिकअप पळवणारा. मग सगळेच म्हणायला लागले. खरं सांगतो, मीही.

आम्ही दोघांनी तोच ब्लॉक पंच्यातून काढून स्टँडवर चढवला. मी काजळी आणि जुनं तेल धुतलं, रॉकेल फासलं, पुसलं आणि वर खडूची पूड उधळली. तड्यात मुरलेलं रॉकेल खडूतून वर येतं आणि काळी रेघ दिसते. मी माझ्या शिवणीवर भिंग धरलं. रत्तियाने दिवा जवळ आणला.

अकराच्या अकरा पिना जागेवर होत्या. रॉकेलाचा टिपूससुद्धा बाहेर आला नव्हता. काळी रेघ उमटली होती ती दुसऱ्याच बाजूला, वीतभर लांब, माझ्या शिवणीला कुठेही न शिवणारी.

मी बर्फाच्या पेटीवर बसलो आणि साठीचा माणूस रडू नये तसा रडलो.

 रत्तियाने सांगितलं की आईने सहा वर्षं तो ब्लॉक तांदळाच्या कोठारात ठेवला होता आणि कुणाला हात लावू दिला नव्हता. त्या आठवड्यात आईने स्वतःच तो बाहेर काढून दिला. का, ते सांगितलं नाही. काकांकडे ने, एवढंच म्हणाली.

मी म्हणालो की आता सगळ्यांना बोलावून दाखवू.

"बघायला कोण येणार, काका? आलेच तर म्हणतील, म्हाताऱ्याने मागाहून पिना बसवल्या," ती म्हणाली. "दाखवायचं नाही. पळवायचा. हाच ब्लॉक, आणि गाडी मी चालवणार."

माणूस ज्यात मेला ते इंजिन पुन्हा चालवायचं नसतं. गाडीची देवी त्यातून निघून गेलेली असते, आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही असं आमच्याकडे म्हणतात. मला हे ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो. सहा वर्षं मान खाली घालून जगल्यावर माणूस असल्या गोष्टींना फार भीत नाही.

नव्या तड्याचं टोक मी पेन्सिलीने आखलं आणि भोक दुसऱ्या दिवशी पाडायचं ठरवलं.

सकाळी रेघ पेन्सिलीच्या खुणेपुढे बोटभर गेलेली होती.

हे नीट समजून घ्या. तडा वाढतो तो तापण्याने, दाबाने, हादऱ्याने. तो ब्लॉक नुसता स्टँडवर पडून होता. पाणी नाही, तेल नाही, साधा बोल्टसुद्धा आवळलेला नाही. मला वाटलं, नजर चुकली असेल. मी टोकाला भोक पाडलं आणि पुन्हा आखलं. तिसऱ्या दिवशी तडा भोकाला वळसा घालून पुढे गेला होता. तीस वर्षांत असं मी पाहिलं नव्हतं. भोकाशी तडा थांबतो. त्याच्या पुढे त्याला जाताच येत नाही. हा तर जणू वाटेत कुणी बसलंय म्हणून बाजूने निघून गेला होता.

त्या दुपारी ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. समोरच्या कोंबडीवालीने शेगडी विझवून पडदा ओढला होता. गॅरेजमध्ये बर्फ वितळल्याचं ठिबकणं तेवढं ऐकू येत होतं. पण वास… वास डिझेलच्या धुराचा होता, ताज्या. गॅरेजमध्ये त्या दिवशी एकही गाडी सुरू झाली नव्हती.

चालत्या इंजिनाचा आवाज ऐकायला मी लांब पेचकस वापरतो. टोक लोखंडाला, मूठ कानामागच्या हाडाला. का कोण जाणे, मी तो पेचकस त्या थंड ब्लॉकला लावला.

आधी काहीच नाही. मग खूप खोलवर, कुणीतरी दात आवळून बोलावं तसं…

"एक… दोन…"

आणि थांबलं. पुन्हा पहिल्यापासून. "एक… दोन…"

सुटण्याच्या रेषेवर खामसिंग तीनपर्यंत मोजायचा. मोठ्याने, स्वतःशीच. तीनला क्लच सोडायचा.

संध्याकाळी रत्तिया आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नाही, फक्त पेचकस हातात दिला. तिने कान लावला. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं, पण तिने मूठ कानापासून हलवली नाही. बऱ्याच वेळाने ती लोखंडावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाली,

"तीन मी म्हणेन, बाबा."

त्यानंतर मी तडा अडवायचा नाद सोडला. जाऊ दे, म्हटलं, कुठे जायचंय ते बघू. रोज सकाळी मी खडू उधळायचो आणि रोज रेघ पुढे गेलेली असायची, सरळ, घाई न करता, वाट माहीत असल्यासारखी. सातव्या दिवशी ती क्रँकच्या दांड्याच्या मधल्या बेअरिंगशी पोचली आणि थांबली. आठव्या दिवशी तिथेच. नवव्या दिवशीही तिथेच.

तिथे मी रंग खरवडला. खाली बीड सच्छिद्र लागलं. छिन्नी टेकवताच पापुद्रा सुटला आणि आत सुपारीएवढी पोकळी निघाली. ओततानाच राहिलेली, वरून कधीच न दिसलेली. सगळा भार जिथे येतो तिथेच लोखंड नव्हतं. इंजिन तसंच बांधलं असतं तर पहिल्याच धावेत क्रँक सुटून रत्तियाच्या पायांवर आला असता. तिचा बापही त्यामुळेच गेला होता. तिथे आधार नसल्याने सगळा ताण दुसऱ्या बाजूवर पडून ती फुटली होती, आणि माझी शिवण शेवटपर्यंत धरून राहिली होती.

पोकळी मी कोरून स्वच्छ केली, आटे पाडून तिच्यात पोलादी बूच पिळलं आणि तो लांबलचक तडा चौतीस पिनांनी शिवला. शेवटची पीन घासून सपाट केली आणि पेचकस लावला. आत काहीही नव्हतं. नुसतं लोखंड.

शर्यतीच्या दिवशी पट्टीच्या दोन्ही बाजूंना माणूस मावत नव्हता. खामसिंगची पोर बापाचाच ब्लॉक घेऊन उतरणार, ही बातमी सगळीकडे झाली होती. योग असा की अंतिम फेरीत समोर चान्चायच आला. त्याने आमच्या उघड्या बॉनेटमध्ये डोकावून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सुथिनदादा, ठिगळाची चड्डी घालून नाचायला आलात का?"

लोक हसले. रत्तिया हेल्मेटचा पट्टा आवळत होती. म्हणाली, "नाचून झालं की बघा, कुणाची फाटली ते."

लोक दुप्पट हसले.

दुपारचे चार वाजले होते. दोन्ही गाड्या रेषेवर आल्या. मी कठड्याशी उभा होतो, तोच कठडा. सुटण्याच्या इशाऱ्याचे दिवे लागायला लागले. इंजिनांच्या गोंगाटात तिचे ओठ मला काचेतून दिसले. ती पहिले दोन आकडे बोललीच नाही. वाट बघत होती. मग एकदाच ओठ हलले आणि गाडी सुटली.

मी आवाज ऐकत होतो, बाकी काही नाही. बीड फुटायच्या आधी त्याचा सूर फाटतो. पहिला गिअर, दुसरा, तिसरा… सूर घंटेसारखा स्वच्छ होता. काळा धूर आभाळाला भिडला आणि त्यातून तिची गाडी एक लांबी पुढे बाहेर आली, मग दोन. नऊ सेकंदांच्या आत सगळं संपलं होतं. फलकावर तिचं नाव लागलं आणि त्या पट्टीवर कुणी कधी नोंदवला नव्हता असा वेळ.

मी धावलो. पोरीने मला मिठी मारली आणि ओरडून सांगितलं की काका, पाण्याच्या तापमानाचा काटा हललासुद्धा नाही. लोकांनी आम्हा दोघांना उचलून घेतलं. माझ्या गळ्यात झेंडूच्या किती माळा पडल्या ते मोजलं नाही. आणि मग गर्दीतून चान्चाय आला. ब्लॉकच्या दोन्ही शिवणींवरून त्याने अंगठा फिरवला, नखाला काही लागतंय का बघितलं, आणि माझ्यासमोर हात जोडून कपाळापर्यंत नेले.

"दादा, सहा वर्षं मी खोटं बोललो," तो म्हणाला. "आज सगळ्यांसमोर सांगतो."

दूर रत्तियाची आई उभी होती. तिने मला बघून मान लववली. आयुष्यात मला याहून मोठं काही मिळालेलं नाही, आणि मिळायला नको.

आता एवढंच राहिलं. जिंकलेली गाडी नियमाप्रमाणे काट्यावर चढवतात. कमीत कमी वजन पाळलंय की नाही ते बघायला. सकाळी चालकासकट ती बाराशे चौदा किलो भरली होती. आता तेराशे छत्तीस दाखवत होती. तपासनीस चक्रावला. डिझेल जळून वजन घटतं, वाढत नाही. काटा बिघडला म्हणून त्याने चान्चायची गाडी चढवून बघितली. ती सकाळपेक्षा किलोभर कमीच भरली. आमची पुन्हा चढवली. तेराशे छत्तीस. रत्तियाला खाली उतरवलं तर तिचे एक्कावन्न तेवढे कमी झाले. वजन जास्त असणं हा गुन्हा नाही, तेव्हा त्याने खांदे उडवले आणि सही केली. सकाळी ती गाडी आम्ही दोघांनी ढकलली होती. काट्यावरून उतरवायला पाच जण लागले.

रत्तिया हसत हसत म्हणाली की बाबा बसलेत, बसू द्या. मीही हसलो.

पण खामसिंग काटकुळा होता. मरेपर्यंत अठ्ठावन्न किलोंच्या वर कधी गेला नाही. त्याच्या तिरडीला मीच खांदा दिलाय, मला ठाऊक आहे. काट्यावर एकशे बावीस जास्त होते. त्यातले अठ्ठावन्न त्याचे धरले, तरी चौसष्ट उरतात…

आणि मेला त्या दिवशी गाडीत खामसिंग एकटाच होता.