दिवा लावू नकोस, मर्ल

आमिश लोकांची ने-आण करायला गाडी चालवायचीय म्हणता? चालवा. धर्मापायी ती स्वतः मोटार ठेवत नाहीत. माणसं भली, वर घरचा अ‍ॅपल-पाय खायला मिळतो. पण बाळंतपणाची फेरी घेण्याआधी मर्ल ग्रबचं ऐकून ठेवा. मर्ल माझा जुना मित्र. मासा केवढा धरला यावर तो बेलाशक थापा मारायचा. पण हे सांगताना त्याची कॉफी कपातच गार व्हायची.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारीतला दुसरा गुरुवार. मर्लने संध्याकाळी व्हर्ना सुईणीला मॅलन रेबरच्या शेतावर सोडलं. सोडायचं म्हणजे बाळ येईपर्यंत थांबायचंच. मॅलनच्या बायकोचं, लव्हायनाचं, हे पाचवं. आधीची चारही त्याच पलंगावर झालेली. आठच्या सुमाराला मुलगी झाली, खणखणीत रडली. स्वैपाकघरात बसलेल्या मर्लने कोंबडी घातलेल्या शेवया पुन्हा वाढून घेतल्या.

मग व्हर्ना दारात आली. कोपरापर्यंत लाल.

"मर्ल, गाडीतल्या सीटा काढ. रक्त थांबत नाहीये."

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो."

"मी फोन केला. ती अपघाताला गेलीय, तासभर येत नाही. तासभर ही राहत नाही. ऊठ!"

सुया देऊन झाल्या होत्या. आता एकच उपाय उरला होता, पोटावरून गर्भाशय जोराने दाबून धरायचं. दाबलं की रक्त थांबे. हात सैल पडला की पुन्हा वाहू लागे. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर. गाडीत गादी टाकली, तिच्यावर लव्हायना, शेजारी गुडघ्यांवर व्हर्ना. मॅलन कोटात बाळ घेऊन पुढे बसला.

मर्लने आतला दिवा लावला. मॅलनने मान खाली घातली.

"दिवा लावू नकोस, मर्ल. ती उघडी आहे."

"अरे, व्हर्नाला दिसायला नको का?"

"मला हाताला कळतं," व्हर्ना मागून ओरडली. "तू चालव रे बाबा!"

मर्लने दिवा बंद केला. बाहेर बर्फ. मर्लला ऐकू येत होता तो फक्त व्हर्नाचा श्वास, कण्हल्यासारखा. साठीची बाई ती. किती वेळ दाबणार? निम्मा रस्ता गेला आणि तो श्वास तुटला.

"मॅलन... माझे हात गेले."

"म्हणजे?"

"बोटं चालेनात. सुटले रे... देवा, सुटले हात."

मॅलन बाळ घेऊनच मागे जायला उठला. तेवढ्यात लव्हायना बोलली. अगदी हळू.

"किती गार हात आहे, व्हर्ना... पण काढू नका."



"लव्हायना," व्हर्ना म्हणाली, "माझे हात माझ्या मांडीवर आहेत."

"नाही... दाबताय की. दुखतंय."

व्हर्नाने गादी चाचपली. ताजं रक्त नव्हतं. मग तिने पोटाकडे हात नेला असावा...

"कुणाचा हात आहे, व्हर्ना?" मॅलनचा आवाज फाटला.



मर्लचं बोट दिव्याच्या बटणावर गेलं.

"दिवा लावू नकोस, मर्ल." आता हे व्हर्ना म्हणाली.

"का?"

"चालव... नुसती चालव."

मॅलन रडत त्यांच्या जर्मनमध्ये प्रार्थना म्हणू लागला. मर्ल कधी चर्चची पायरी न चढलेला. त्यानेही ओठ हलवले. वीस मिनिटं. कुणी मागे पाहिलं नाही.

हॉस्पिटलपाशी नर्सने मागचं दार उघडलं. आत दोघीच होत्या. लव्हायना वाचली. इतका वेळ कुणी दाबून धरलं म्हणून वाचली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. व्हर्नाने कौतुक मुकाट्याने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोटावर वळ उमटला. काळानिळा. पाचही बोटांचा. व्हर्नाने आपला पंजा त्यावर धरून पाहिला. ती शेजारी बसलेली. तिची बोटं आडवी पडायला हवीत. वळाची बोटं पायांकडे होती. कुणी डोक्याशी राहून, वरून वाकून दाबलं तरच अशी पडतात. आणि लव्हायनाचं डोकं गाडीच्या मागच्या दाराला टेकलेलं होतं, तिथे कुणी मावणारच नाही.

त्यानंतर तिला दोन मुलं झाली, पोरांनो. वळ गेलेला नाही. भर उन्हाळ्यातही तेवढीच जागा गार लागते.