ठमीला कोणी नेलं?

“ठमी सापडत नाहीये हो!” बालकक्षाच्या दारात ठमीची आई किंचाळली, आणि जहाजावरच्या सुरक्षा अधिकारीबाई धावतच आल्या.

ठमी सात वर्षांची. जहाजावरचा नियम कडक होता. एवढ्या लहान मुलाला बालकक्षातून एकटं सोडायचं नाही. आईवडिलांनी ज्यांचं नाव दिलंय, त्या मोठ्या माणसाच्याच हाती द्यायचं.

“कुणाच्या हाती दिलीस?”

“आजोबांच्या,” सांभाळणारी ताई रडवेली झाली होती. “ठमीनंच त्यांचा हात धरला. ‘आजोबा, इकडून,’ म्हणत पुढे झाली.”

आजोबा खोलीत पलंगावर बसले होते. खांद्यावर करडा टॉवेल. टेबलावर आइस्क्रीमचे दोन कप. एक चाटूनपुसून रिकामा, दुसऱ्यातल्याचं पार पाणी झालेलं.

“ठमी कुठे आहे, आजोबा?”

“खेळतेय की त्या मुलांच्या खोलीत. मी जेवल्यापासून इथेच आहे.”

“ताई म्हणते, तुम्हीच तिला नेलंत.”

“मग ती खोटं बोलते!” आजोबा ताडकन म्हणाले आणि लगेच चाचरत आपल्या मुलाकडे, ठमीच्या वडिलांकडे बघू लागले.

“बाबा खोटं बोलत नाहीत,” मुलगा म्हणाला. सून काही सांगायला गेली, तर त्यानं तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

“ठमी भटकी आहे का?” बाईंनी सुनेला विचारलं.

“उलट. बस म्हटलं की जागची हलत नाही.”

कर्ण्यावरून ठमीचं नाव पुकारलं जात होतं. पोहण्याचा तलाव, भोजनकक्ष, जिने, सगळं पालथं घालून झालं होतं. कठड्यापलीकडे बघायचा धीर मात्र कुणाला होत नव्हता.

बाईंनी पुन्हा त्या टॉवेलकडे पाहिलं. तलावावरचे टॉवेल पिवळे असतात. करडे फक्त मागच्या डेकवर मिळतात, आणि तिथे मुलांना मनाई. म्हणून तिथे कुणी शोधलंच नव्हतं.

तिथल्या शेवटच्या खुर्चीआड ठमी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वाऱ्यानं काकडली होती बिचारी.

“नाव पुकारलेलं ऐकलं नाहीस?”

“ऐकलं.”

“मग?”

“एकटी आले असते तर आजोबा मला विसरले हे कळलं असतं सगळ्यांना. या ट्रिपमध्ये ते नीट राहिले नाहीत तर पप्पा त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार आहेत.”

खोलीत परतल्यावर बाईंनी उलगडा केला.

“ताई खरं बोलली आणि आजोबाही. त्यांनी ठमीला आपल्या नेहमीच्या जागी बसवलं, दोघांसाठी आइस्क्रीम आणायला गेले आणि ती तिथे बसलीय हेच विसरले. दोन कप घेऊन थेट खोलीत आले. त्यांचा काय दोष? ते विसरतात हे माहीत असून त्यांचं नाव कुणी दिलं?”

मुलानं मान खाली घातली. “मी. नाव दिलं नसतं तर... बाबांच्या हाती आता काही सोपवता येत नाही, असं मीच कबूल केल्यासारखं झालं असतं.”

नियम करणाऱ्यांना मुलं कळतात. म्हाताऱ्यांचं आणि त्यांच्या मुलांचं दुःख कळत नाही. बाईंना रागवायचं होतं, पण रागवता आलं नाही.

“माझं नाव काढून टाका, बाई,” आजोबा शांतपणे म्हणाले.

“नको!” ठमी त्यांना बिलगली.

“मी तुला फार वेळ बसवून ठेवलं का गं?”

“नाही आजोबा, आत्ताच तर बसले होते,” ठमी म्हणाली. तिचे दात अजून वाजत होते.