उंबरठ्याखालचं मडकं

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, मृणालच्या बाबतीत. श्रीवर्धनला, तिच्या भावाच्या, कुलदीपदादाच्या सुपारीच्या वाडीत, गेल्या मार्गशीर्षातल्या एका तिन्हीसांजेला.

मृणाल मातीचा अभ्यास करते. जपानमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका गावाच्या उत्खननावर ती काम करून आली होती. तिथल्यासारखंच एक घर तिने वाडीत उभारलं. अर्धं जमिनीत, वर गवताचं छप्पर. आपल्या दमट हवेत ते कसं टिकतं, हे तिला मोजायचं होतं.

सगळं जसंच्या तसं. उंबरठ्याखाली पुरलेलं उपडं मडकंसुद्धा.

"रिकामं कशाला पुरतेस?" रुचितावहिनी हसली होती. "लोणचं तरी मुरत घाल त्यात!"

मृणालही हसली. मडक्याचा अर्थ मात्र तिने सांगितला नाही.

दगावलेलं तान्हं मूल म्हणे अशा मडक्यात ठेवत. आई येता-जाता ते ओलांडायची... आणि मूल पुन्हा तिच्या पोटी यायचं. संशोधकांचा नुसता तर्क.

पण वहिनीची दोन मुलं पोटातच गेली होती. आता तिला सातवा लागला होता. तिला हे कशाला सांगायचं?

त्या संध्याकाळी मृणाल एकटीच आत बसून मोबाइलवर आकडे बघत होती. मातीत एक सेन्सर होता, मडक्यात दुसरा.

माती सव्वीस अंश.

मडकं... सदतीस. माणसाच्या अंगाइतकं.

बिघडला असेल. तिने तार काढून पुन्हा जोडली.

सदतीस.

आणि तिच्या लक्षात आलं, समुद्राची गाज ऐकू येत नाहीये.

मग जमिनीखालून आवाज आला. बारीक... काहीतरी चोखल्यासारखा.

तिने उंबरठ्याजवळ हात टेकवला. माती उबदार होती. झोपलेल्या पोराच्या कपाळासारखी.

"मृणाल, चहा गार होतोय गं!"

वहिनी दारात उभी.

"वहिनी, थांब! ओलांडू नकोस..."

तिचा पाय आत पडला होता.

आवाज थांबला. आकडा भराभर उतरला. सव्वीस.

वहिनी पोट धरून मटकन खाली बसली. रडत होती. हसतही होती.

"हलला गं! सकाळपासून हलला नव्हता. तुझ्या दादाला कोणत्या तोंडाने सांगू, तेच कळेना. आणि आत्ता बघ, कसा लाथा मारतोय!"



दुसऱ्या दिवशी तिने मडकं उकरलं. आत सेन्सरशिवाय काहीच नव्हतं.

बाळ सुखरूप आहे. अगदी कुलदीपदादावर गेलंय, असं सगळे म्हणतात.

"घे ना गं आत्याबाई, चावत नाही तो!" वहिनी त्याला पुढे करते.

मृणाल हात धुवायचं निमित्त काढून मागल्या दारी जाते. बराच वेळ नळ सोडून उभी राहते.

सकाळी हलायचं थांबलं होतं, ते बाळ हेच का... हे ती वहिनीला कधीच विचारणार नाही.