शनिवारचा डाव

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. श्रॉपशायरमधल्या लिडबॅच गावी, मोठ्या बंगल्याच्या अकरा एकर बागेत घडलेली. तारीख १४ ऑक्टोबर १९८९. वार शनिवार. वेळ दुपारचे चार.

भुतं फक्त रात्री उशिरा निघतात असं ज्यांचं ठाम मत असेल, त्यांनी इथेच थांबलं तरी राग नाही.

ज्याच्या बाबतीत ती घडली तो अँब्रोज गिटिन्स, त्या बागेचा मुख्य माळी. सरळ माणूस. आयुष्यात दोनच गोष्टींत लबाडी करायचा. एक, गावच्या प्रदर्शनातल्या कांद्यांत. आणि दुसरी, कॉंकरमध्ये.

कॉंकर म्हणजे हॉर्स चेस्टनटची तपकिरी, गुळगुळीत बी. भोक पाडून बुटाच्या नाडीत ओवायची. एकाने लोंबती धरायची, दुसऱ्याने आपली बी तिच्यावर हाणायची. ज्याची फुटली तो हरला; तोवर डाव चालू. धरणाऱ्याने हात हलवायचा नाही. बस, एवढाच खेळ.

अँब्रोजची लेक विनी, वय वर्षं नऊ. तिच्या एका कॉंकरने सतरा फोडले होते. कारण अँब्रोजने तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून, मग अर्धा तास ओव्हनमध्ये भाजून दिला होता. बी कसली, गोटाच झाला होता तो.

"आईला सांगायचं नाही."

"ही फसवणूक आहे ना, बाबा?"

"छे. याला बागकाम म्हणतात."

१९६१ सालचा ऑक्टोबर. गुरुवार होता. अँब्रोज डेलियाचे कंद उकरत होता. लाल नाडी बोटाला गुंडाळून विनी समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, एक डाव. तू माझा अठरावा."

"कंद गोठायच्या आत हे उरकायचंय, दिसत नाही का?"

"एकच! तुझा तर पहिल्याच फटक्यात फुटणार. वेळ कुठे लागतोय?"

"शनिवारी खेळू."

"नक्की?"

"नक्की."

शुक्रवारी तिला ताप भरला. मान ताठ झाली. श्रूजबरीच्या इस्पितळात नेलं...

शनिवारी दुपारी चार वाजता विनी गेली.

आठवड्याने बायकोने, ऑल्वेनने, तो कॉंकर अँब्रोजच्या हातात ठेवला. लाल नाडीसकट.

"हिरवळीच्या मधोमध लाव. झाड होऊ दे तिचं."

भाजलेली बी उगवत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अँब्रोज तर माळी. पण सांगणार कसं? सांगायचं तर भाजल्याचं कबूल करणं आलं. आणि त्या बाईला आणखी एका मेलेल्या गोष्टीची वाट बघायला लावायची?

त्याने खड्डा केला. विनीचा कॉंकर मधोमध ठेवला. ऑल्वेनने डोळे पुसायला रुमाल काढला, तेवढ्यात त्याने बाहीतून दुसरी बी खाली सोडली. ताजी, टपोरी, फाटकाजवळच्या लाल फुलांच्या झाडाची.

कांद्यांच्या प्रदर्शनात हात बसला होता, तो तेव्हा कामी आला.

वसंतात कोंब आला. चिकट, तपकिरी, बोटाएवढा. ऑल्वेन त्याच्यापुढे गवतात बसून तासभर बोलत होती. अँब्रोज आपला कोबीकडे बघत राहिला.

त्याने ते झाड लेकरासारखं वाढवलं. काठीचा आधार दिला, सशांपासून जाळी लावली, उन्हाळ्यात पाण्याचे डबे वाहिले. बंगल्याच्या बाईसाहेब एकदा म्हणाल्या, "गिटिन्स, माझ्या गुलाबांकडेही कधी बघा." तो म्हणाला, "बघतो, बाईसाहेब. दिसतात इथून."

पंधराव्या वर्षी झाडाला फुलं आली.

पांढरी...

विनीचा कॉंकर चर्चच्या आवारातल्या पांढऱ्या झाडाचा होता. अँब्रोजची बी लाल झाडाची. ऑल्वेनने टाळ्या वाजवल्या. "चर्चच्या झाडासारखीच!" अँब्रोजने स्वतःला समजावलं, बीपासून कधीकधी वेगळाच रंग निघतो. पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

आणखी एक. दर मे महिन्यात झाड मेणबत्त्या लावल्यासारखं फुलायचं. पण शरदात त्याखाली एक बी पडायची नाही.

एकही नाही. तेरा वर्षं.

१९८९च्या मार्चमध्ये ऑल्वेन आजारी पडली. जायच्या आदल्या दिवशी तिने त्याला जवळ बोलावलं.

"अँब्रोज, ती बी तू भाजली होतीस."

तो तिचं पांघरूण सारखं करू लागला.

"ओव्हन माझा होता रे. आठवडाभर माझ्या केकला व्हिनेगरचा वास येत होता. आणि बाहीतून दुसरी टाकलीस, तेही पाहिलं मी."

"मग... लावायला का सांगितलंस?"

"तुला काहीतरी वाढवायला हवं होतं. नाहीतर तूही गेला असतास."

सत्तावीस वर्षं दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते. अँब्रोजला आधी हसू आलं. मग दुसरं काहीतरी.

आणि मग आला तो १४ ऑक्टोबर. शनिवार.

वारा अजिबात नव्हता. अँब्रोज डेलियाच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून कंद उकरत होता. चर्चच्या घड्याळात चार वाजले.

टक्...

त्याने मान वर केली. बागेत कुणी नव्हतं. पाखरंही नव्हती. कधी गप्प झाली, ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

टक्...

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. कॉंकरवर कॉंकर आपटल्याचा.

तो हिरवळीकडे गेला. झाडाखाली गवतात एकच हिरवं, काटेरी बोंड पडलं होतं. त्या झाडाचं पहिलं. अँब्रोजने ते अंगठ्यांनी उकललं.

आत तपकिरी बी होती. आरपार भोक असलेली. भोकाच्या कडा करपलेल्या...

आणि व्हिनेगरचा वास.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. अँब्रोज माळी होता. त्याने फावडं आणलं आणि बुंध्याशी हळूहळू उकरायला सुरुवात केली.

हातभर खोल त्याला स्वतःची बी सापडली. न रुजलेली. काळं पडलेलं नुसतं टरफल.

शेजारी मूळ होतं, मांडीएवढं जाड. त्यातून एक लाल टोक बाहेर आलं होतं.

बुटाची नाडी...

ओढून पाहिली. हलली नाही. नाडी थेट लाकडाच्या आत गेली होती.

अँब्रोज उठला. घरी गेला. खणातून एक सुकलेला, सुरकुतलेला कॉंकर काढला. स्वतःचा, १९६१चा, साधा, न भाजलेला. लेकीसमोर त्याने कधी लबाडी केली नव्हती. ती जिंकावी म्हणून कच्चाच ठेवायचा.

झाडाखाली येऊन त्याने नाडी हाताला गुंडाळली आणि हात पुढे धरला. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, रिकाम्या बागेत, हात लांब करून. बाईसाहेब खिडकीत असत्या तर त्यांनी डॉक्टरांना फोन केला असता.

"शनिवार आहे, विनी," तो म्हणाला. "तुझा डाव."

काही झालं नाही.

"हात हलवत नाहीये बघ."

हात खरंच हलत नव्हता. डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं, तरी त्याने ते पुसलं नाही.

एकही पान हलत नव्हतं...

गालाजवळून काहीतरी वेगाने गेलं. वारा नव्हता.

टक्!

हातात नुसती नाडी राहिली. कॉंकरचे बारीक तुकडे गवतावर विखुरले.

आणि त्याला ऐकू आलं, अगदी कोपराजवळ, नऊ वर्षांच्या पोरीचं दबकं, विजयी हसू.

मग तेही नाही. पाखरं पुन्हा बोलू लागली.

त्यानंतर त्या झाडाला कधी बी धरली नाही. अँब्रोज पुढे दहा वर्षं जगला. दर ऑक्टोबरात, चौदा तारखेला चार वाजता, नवा कॉंकर घेऊन तो झाडाखाली उभा राहायचा. पाऊस असो, धुकं असो. गावातले लोक लांबूनच टोपी काढायचे आणि वाट बदलायचे. कधीच काही झालं नाही.

एकदा चर्चच्या पाद्र्याने त्याला धीर द्यायचा प्रयत्न केला.

"अँब्रोज, तुम्ही शब्द पाळलात. तिचा डाव पुरा झाला. आता मनाला शांत करा."

"तेच तर," अँब्रोज म्हणाला. "एकच डाव ठरला होता, फादर. जन्मभर कांद्यांत लबाडी केली मी. त्या एका दिवशी मात्र हात सरळ धरला."

तो बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होता.

"जरासा हलवला असता ना... तर तिचा नेम चुकला असता."