बारीक आस

घोणसे घाटाच्या तिसऱ्या वळणावर मोटार थांबली, आणि केसरनं ड्रायव्हरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पाहिलं म्हणजे काय... डोळे वटारले.

चैताचं ऊन. अठ्ठावन्न साल. मागच्या बाकाच्या पायथ्याशी, ओल्या गोणपाटाखाली, तिची पापलेटांची पाटी होती. दुपारच्या आत माणगावच्या बाजारात पोचली तर म्हावरं, नाहीतर माडाला खत. श्रीवर्धनचा नेहमीचा टॅक्सीवाला आजारी, म्हणून ती या नव्या माणसाच्या गाडीत बसली होती. आणि नवा माणूस चार उतारूंना ताटकळत ठेवून, बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून, इंजिनाकडे कौतुकानं बघत उभा होता.

"दम लागलाय तिला," तो म्हणाला.

"तिला दम लागलाय. माझ्या म्हावऱ्याला काय लागंल, ठाव हाय?"

त्याचं नाव अनंता. जातीनं कोळीच, पण बाप मोटारीच्या धंद्यात पडला म्हणून माणगावात वाढलेला. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं. त्यानं तिला मोठ्या हौसेनं समजावलं, की इंजिनसुद्धा श्वास घेतं, पण बॉनेटखालची तापलेली हवा घेतं, आणि तापलेल्या हवेत जोर नसतो. म्हणून त्यानं गाडीच्या तोंडच्या जाळीच्या चार पट्ट्या कापल्या होत्या आणि तिथून पत्र्याचं नळकांडं थेट कार्बोरेटरपर्यंत नेलं होतं, बाहेरची गार हवा आत जावी म्हणून. नळकांड्याच्या तोंडावर, पाचोळा अडवायला, पिठाच्या चाळणीची जाळी ठोकली होती.

एवढं करूनही गाडी घाटात बसलीच.

केसर वाकली. तिनं चाळणीवरून नख फिरवलं. तिच्या घरात जाळी विणत तीन पिढ्या गेल्या होत्या. बारीक विणीचं जाळं ओढलं की पाणी आरपार जात नाही, जाळंच पाण्याला ढकलत बसतं, हे तिला बाळकडूबरोबर पाजलेलं होतं. हवेचं निराळं काय असणार?

"आस लय बारीक ठेवलास तू," ती म्हणाली. "मोठा ठेव. मग बघ."

अनंता तिच्याकडे बघतच राहिला... त्याचे कान लाल झाले. केसरला वाटलं, उन्हानं.

त्या दिवशी माणगावात पोचेपर्यंत पापलेटांच्या डोळ्यांवर साय धरली होती. निम्मी पाटी फेकावी लागली.

आठ दिवसांनी अनंता श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर, केसरच्या घरी आला. इस्त्रीचा सदरा, हातात नारळ, बरोबर मावशी. केसरची आई वेणूबाई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. मावशीनं सांगितलं, की तुमच्या लेकीनंच सुचवलं, म्हणून मागणी घालायला आलो. काय सुचवलं, असं वेणूबाईनं विचारलं. तेव्हा अनंता मान खाली घालून म्हणाला, की आस बारीक ठेवू नकोस, मोठी ठेव, असं ती म्हणाली... भर घाटात, चार उतारूंदेखत.

बंदरावर जाळ्याच्या एकेका भोकाला आस म्हणतात. ती म्हणाली होती 'ठेवलास' आणि 'मोठा'; मनातली आस असती तर 'ठेवलीस' आणि 'मोठी' म्हणाली असती. एवढा फरक त्यानं बंदरावरच्या बोलीच्या माथी मारला होता.

वेणूबाई हसून हसून बोंबलांत कोसळायची तेवढी राहिली. केसरच्या मात्र डोक्यात तिडीक गेली. मागणी घातली याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर तो सदरा त्याला बरा दिसत होता. राग वेगळाच होता. तिनं कामाचं सांगितलं होतं, पाटी वाचवणारं, गाडी चढवणारं. बाई बोलली की पुरुषाला दोनच गोष्टी ऐकू येतात, भांडण नाहीतर लाडीगोडी.

"आस म्हंजे जाल्याचं भोक," ती म्हणाली. "कोल्याचा पोर ना तू? आठ दिस झालं. चालनी काढलीस?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग नारल उचल, आनि जा."

तो गेला. तिसऱ्या दिवशी परत आला, एकटा, हातात तारेचं वेटोळं आणि पक्कड घेऊन. एकच प्रश्न विचारला – आस केवढा? केसरनं करंगळी दाखवली. मग ती गाडीच्या तोंडाशी बसून राहिली, तोंड फुगवून, आणि त्याच्याकडून तारेचं जाळं विणून घेतलं. गाठ चुकली की उसवायला लावलं. तीनदा. तिसऱ्या वेळी तार त्याच्या बोटात घुसली. तिनं त्याचा हात ओढला आणि पदरानं रक्त पुसलं... चिडूनच, पण सावकाश.

मंगळवारी गाडी घाटाला लागली. तिसरं वळण आलं, गेलं. गाडी गुरगुरत वर चढली, एकदाही न थांबता. पुढं बसलेल्या सुपारीच्या व्यापाऱ्यानं अनंताची पाठ थोपटली. अनंता म्हणाला, की डोकं हिचं, मी तर पिठाची चाळणी लावून बसलो होतो.

केसर खिडकीबाहेर बघत राहिली. आता तो लग्नाचं बोलेल, मग बोलेल... माणगाव आलं. पाटी उतरली, सुरमईचे डोळे काचेसारखे लख्ख. अनंता फडकं घेऊन बॉनेट पुसू लागला.

एकच्या सुमारास रिकामी पाटी काखेत मारून ती टॅक्सीपाशी आली, ती धुमसतच.

"आज काय बोलायचं न्हाय तुला?"

"न्हाय."

"का?"

"मागल्या येळी न आयकताच बोललो. आता तू बोलशील ते आधी आयकनार."

आणि तो फडकं हातात धरून उभा राहिला. ओठ गंभीर होते; डोळे अजिबात नव्हते.

भरला बाजार, टळटळीत दुपार, आणि बाईमाणसानं आपल्या तोंडानं बोलायचं. मेल्यानं पळवाटच ठेवली नव्हती.

"शुक्रवारी ये," ती कडाडली. "मावशीला घेऊन ये. मी व्हय म्हनतेय. जाल्याबद्दल न्हाय, लग्नाबद्दल."

"परत एकदा सांग," अनंता म्हणाला. "चूक नको."

तिनं सांगितलं. इतक्या मोठ्यानं, की पलीकडे सुकट विकणारी बाई माप तसंच हवेत धरून बघत राहिली.