ओली दस्ती

दुपारी जेवण झाल्यावर बाबांनी मला एक वाटी आणायला सांगितली. काढलेले स्क्रू हरवू नयेत म्हणून. मी चटणीची वाटी घासून नेली आणि कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या पिकअपच्या पायरीवर बसले. इतकंच काम होतं.

गाडी जुनी. बाबांनी ती नुकतीच पोखर्णीच्या भुजंगकाकांकडून घेतली होती. माझी थोरली बहीण धम्मशीलाताई परभणीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि दुसऱ्या दिवशी तिला बाळासकट घरी, चारठाण्याला आणायचं होतं. बाळ दिवस भरायच्या आधी आलेलं, एवढंसं. उन्हाची झळ लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि गाडीच्या एसीतून वाराच येत नव्हता.

"लय मिरवलं थंडगार गाडी म्हणून," आई ओसरीतून म्हणाली. "आता मी सूप घेऊन बसू का वारा घालायला?"

"गॅस हाय, पाईप गार लागायलाय," बाबा म्हणाले. "पंखा बी फिरायलाय, ऐक की. मधीच कुठंतरी वारं अडकलंय."

त्यांनी बटण फिरवलं तसा डॅशबोर्डमागचा आवाज वाढत गेला. मी जाळीपुढे तळहात धरला. काहीच लागलं नाही. नुसता वास आला, भिजल्या कापडाचा.

गाडी आणली त्या दिवशी विहारात परित्राणपाठ झाला होता. तिथला रक्षणाचा पांढरा दोरा बाबांनी डावीकडच्या सीटपुढच्या जाळीला बांधला होता. वारा असता तर त्याचं टोक बाहेर उडालं असतं. ते हळूच जाळीच्या आत गेलं. थांबलं. बाहेर आलं. परत आत गेलं. मी माझ्या श्वासाशी ताडून पाहिलं. दोरा त्याहून सावकाश होता...

"बाबा," मी म्हणाले, पण पंख्याच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नाही.

मागे वळले तर भुजंगकाका उभे होते. गाडीत आधीपासून काही बिघाड होता का, हे विचारायला बाबांनी सकाळी त्यांना फोन केला होता. उत्तर द्यायला ते एसटीनं स्वतःच आले होते. तेही दोऱ्याकडेच बघत होते.

"या भुजंगराव, बसा आत. सीट मोकळीच हाय."

"न्हाई भाऊ. त्या सीटवर मी बसत न्हाई."

आईनं दिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी हातात तसाच धरून ठेवला.

"मालन तिथं बसली होती," ते म्हणाले. मालनबाई म्हणजे त्यांची बायको. "ताप होता तिला. परभणीला नेत होतो. ऊन असंच. एसी चालू होता, पर तिला गार वाटंना. मग म्या रस्त्यात दस्ती भिजवली."

आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात.

"कूलरला कसं ओलं गवत लावतो आपण? तसंच. पायापाशी पंखा वारं वढून घेतो ना, तिथं अडकवली. तिथली जाळी तुटलेली होती."

"मग?" बाबांनी विचारलं.

"गार आलं की. हसली बी. जराशानं म्हणली, अहो, वारं येईना... म्या म्हणलो, येतंय, धीर धर. दस्ती दिसंना, वाटलं खाली पडली. परत म्हणली, वारं येईना..."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मग काईच म्हणली न्हाई."

बाबांनी पंखा बंद केला. समोरचा कप्पा काढून बाजूला ठेवला, स्क्रू वाटीत टाकले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात आतच थांबला. बाबांनी एकदा आईकडे पाहिलं.

"पाला हाय," ते म्हणाले. "कडुलिंबाचा."

पण त्यांच्या बोटांतून लाल चौकडीचं टोक दिसत होतं. भुजंगकाकांनी हात पुढे केला.

"द्या."

दस्ती पंख्याच्या तोंडावर चिकटून बसली होती. बाहेर निघाली तेव्हा तिच्यातून पाणी ठिबकलं, स्क्रूंच्या वाटीत.

"एसीचं पाणी असंल," बाबा पुटपुटले. एसीचं पाणी नळीतून खाली जमिनीवर पडतं, हे मलासुद्धा माहीत आहे. आणि मालनबाई गेल्यापासून गाडी वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये नुसती उभी होती.

"म्हंजे मीच..." भुजंगकाका म्हणाले. आईनं तोंडाला पदर लावला.

बाबांनी पंखा लावून पाहिला. वारा असा आला की दोरा ताठ उभा राहिला. मग त्यांनी किल्ली काढून घेतली, पंखा थांबला. भुजंगकाका खिडकीशी वाकले आणि रिकाम्या सीटला अगदी हळू विचारलं, "आता येतंय का गं?"

दोरा एकदा आत गेला. परत बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाळ सुखरूप घरी आलं. ताईनं तर वाटेत, "बाबा, कमी करा, लय गार लागायलंय," म्हणून त्याला दोन दुपट्ट्यांत गुंडाळलं. मी सगळा रस्ता त्याच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

दस्ती भुजंगकाकांनी आमच्याच दोरीवर टाकली होती. "वाळली की नेतो," म्हणाले. मे महिन्याच्या उन्हात आमची चादर पिळून टाकेपर्यंत वाळते. दस्ती वाळली नाही. ते दर बाजारच्या दिवशी येतात, ती गालाला लावून बघतात. आई त्यांना चहा देते.

काल त्यांनी ती पिळली. पाणी पडलं. झटकून परत दोरीवर टाकली आणि म्हणाले, "सावकाश वाळू दे. मला घाई न्हाई."

ते गेल्यावर मी कपडे काढायला गेले. झाडाचं पानही हलत नव्हतं. बाळाची लंगोटी, बाबांचा सदरा, सगळं जागच्या जागी ताठ. दस्ती तेवढी हलत होती. पुढे... मागे... माझ्या श्वासाहून सावकाश.